जिन्यावर एकजण कमी

अंबडला माझं शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. पहिल्या मजल्यावर एक लांबट हॉल, त्यात अकरा मशिनी आणि अकरा बायका. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या कारखानदारांच्या संघटनेनं एक फॉर्म वाटला. आगीपासून आपली जागा कितपत सुरक्षित आहे, हे ज्याचं त्यानंच तपासायचं, 'हो' किंवा 'नाही'वर खूण करायची आणि सही करून फॉर्म परत द्यायचा. बघायला कोणी येणार नव्हतं. मी चहा पिता पिता सगळीकडे 'हो' करून टाकलं.

काज-बटणं करणाऱ्या मावशी आमच्यात सगळ्यांत जुन्या, येवल्याकडच्या. "काय लिहिलंय त्यात? वाचा तरी," म्हणाल्या. मी वाचायला लागले. बाहेर पडायचा दुसरा रस्ता मोकळा आहे का, या प्रश्नाशी त्यांनी मला थांबवलं.

"मोकळा कुठं हाय? मागच्या दारापुढं कापडाचे तागे रचलेत की. कुणी उघडलंय का ते दार?"

मला राग आला, पण उठले. तागे बाजूला केले तर कडी गंजून घट्ट बसलेली. तेल सोडून हातोडीनं ठोकली तेव्हा कुठे दार उघडलं. दाराबाहेर लोखंडी जिना होता आणि त्यावर पारव्यांनी घरटं केलेलं. तो फॉर्म मी फाडला आणि संघटनेकडून दुसरा आणला.

त्यात एक प्रश्न होता: धोक्याची घंटा सर्वांना ऐकू जाते का? मावशी म्हणाल्या, "वाजवूनच बघा, पण कुणाला सांगू नका." पुढच्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास मी घंटेचं बटण दाबलं. बायका दचकल्या, मशिनी सोडून पळाल्या. खाली आवारात धापा टाकत उभ्या असताना मी सांगितलं, की ही तालीम होती. कुणी हसलं, कुणी माझ्यावर चिडलं. मी डोकी मोजली. दहाच भरली.

धावत वर गेले. कोपऱ्यातल्या मशिनीवर, भिंतीकडे तोंड करून, अकरावी बाई कॉलर शिवत बसली होती. डोक्यावर घंटा कर्कश वाजत होती. मी खांद्यावर हात ठेवला तशी ती केवढ्यानं तरी दचकली. मागे वळून तिनं रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. आगीची भीती नव्हती ती. आपण सापडलो, याची होती.

चार वर्षं ती माझ्याकडे होती. हाक मारली तरी बघत नाही, म्हणून मी तिला शिष्ट समजत होते. एक-दोनदा सगळ्यांसमोर बोललेही होते. ती समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखत होती आणि मशिनींच्या खडखडाटात ते खपून जात होतं.

मी घंटा बंद केली आणि तिच्या समोर बसले. "मला सांगायचं नाही का गं?"

"आधीच्या ठिकाणी सांगितलं होतं, ताई. त्यांनी घरी बसवलं." मग तिनंच विचारलं, "तुम्ही ठेवलं असतं का?"

ठेवलं असतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण माझ्यानं ते म्हणवेना. मला खरंच माहीत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "आता तू इथंच आहेस."

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. घंटेच्याच तारेवर त्यानं तिच्या समोरच्या भिंतीवर एक लाल दिवा बसवला. शेजारच्या मशिनीवरची आपणहून म्हणाली, "दिवा लागो न लागो, मी हिचा हात धरल्याशिवाय हलणार नाही." महिन्याभरानं पुन्हा घंटा वाजवली, तेव्हा दोघी सगळ्यांच्या आधी मागच्या जिन्यावर होत्या.

मी फॉर्मवर घंटेच्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं आणि खाली काय केलं तेही लिहिलं. देताना नोटीस येईल का, अशी धाकधूक होती. संघटनेतल्या कारकुनानं ते दोनदा वाचलं आणि दिवा कुठून आणला, एवढंच विचारलं.

नंतर सरकारी दवाखान्यात तपासून तिला ऐकण्यासाठी कानाचं यंत्र मिळालं. हॉलमध्ये ती ते लावत नाही. मशिनींचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा येतो म्हणते. कामावर असताना यंत्र तिच्या डब्याच्या पिशवीत असतं. सुटल्यावर इंदिरानगरच्या बसची वाट बघताना ती ते कानात बसवते. एकदा स्टॉपवर मीही शेजारी होते. ती म्हणाली, "माझ्या मुलीचा आवाज मला वाटायचा त्याहून बारीक आहे, ताई. आणि बोलते पण किती!"

बस आली. तिनं यंत्र बोटानं नीट दाबलं आणि ती चढली.