दोघांनाच ठाऊक असलेला गुरुवार

पोलीस खात्यातल्या नोकरीत मी खून पाहिले, दंगल पाहिली, विहिरीतून प्रेतं काढली. पण मुळापासून हादरलो असा एकदाच. तोही एका संगणकाच्या पडद्यासमोर, सकाळी साडेदहा वाजता, वीस-बावीस विद्यार्थ्यांच्या मागे उभा राहून.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. साक्रीकडच्या डोंगराळ भागातल्या एका ठाण्याचा मी निरीक्षक होतो. हद्दीत गावठी दारूच्या भट्ट्या पुष्कळ. त्यांपैकी एका भट्टीची दारू पिऊन एकाच गावातल्या तिघांची दृष्टी गेली, तेव्हा त्या गावच्या बायका ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांच्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "भाऊ, तू छापा टाकस का नुसती फेरी मारस?" तिचं चुकत नव्हतं. कारण तोवर त्या भट्टीवरचे माझे तीन छापे वाया गेले होते. पहाटे नाल्यावर पोहोचावं तर चुलीतली राख कोमट, पिंपं गायब आणि माणूस औषधालाही नाही.

आठवडे बाजारात मडकी विकणारा आमचा एक खबऱ्या होता. त्याने मडकं वाजवून दाखवण्याचं निमित्त करत मला सांगितलं, "साहेब, त्यासले तुमना वार आधीच ठाऊक ऱ्हास. तुमनाच कोनी मानूस फुटेल शे."

छाप्याचा दिवस मी आधी फक्त एका माणसाला सांगत असे, कारण गाडी, शिपाई आणि पंच यांची जुळवाजुळव तोच करायचा. तो म्हणजे आमचा हवालदार. सगळं ठाणं त्यांना नाना म्हणायचं, मीही म्हणायचो. एकोणतीस वर्षांची नोकरी, सेवापुस्तकात एकही कसुरी नाही, निवृत्तीला वर्ष उरलेलं. मी बाहेर असलो की ठाणं तेच सांभाळायचे. अशा माणसावर संशय घेणं मला जड गेलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. संशय चटकन आला आणि मुक्कामाला राहिला.

त्याला खतपाणी घालणारी एक गोष्ट घडली होती. तिसऱ्या छाप्यानंतर नाना आठ दिवस रजेवर गेले. त्यांच्या पत्नीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला होतं. त्या आठवड्यात मी दुसऱ्या एका ओढ्यावर छापा टाकला आणि त्याच भट्टीवाल्याची दोन पिंपं हाती लागली. नाना नाहीत तर छापा यशस्वी! मला वाटलं, गणित सुटलं.

इथे माझ्या एका हौसेबद्दल सांगायला हवं. माझं कुटुंब मुलांच्या शाळेसाठी जळगावला, पिंप्राळ्यात राहत होतं. साप्ताहिक सुट्टी मिळाली की मी रविवारी तिकडे जायचो. परदेशातल्या मेहुण्याने मला तळहातावर मावणारी एक इलेक्ट्रॉनिक डायरी पाठवली होती. बारीक काडीने पडद्यावर लिहायचं. तारखा, कामं, पत्ते सगळं त्यात. ठाण्यात संगणकाचा पत्ता नव्हता, पण साहेबांच्या खिशात हे यंत्र! मी ते चारचौघांत मुद्दाम काढायचो. त्याला सांकेतिक शब्दाचं कुलूप होतं, त्यामुळे छाप्यांचे दिवसही मी त्यातच लिहायचो. कागदावरचं कोणीही वाचेल, यातलं कोण वाचणार?

मेहुण्याची ई-मेल मात्र त्यात आपोआप येत नसे. त्यासाठी घराजवळच्या एका संगणक वर्गात जावं लागायचं. तिथल्या सरांनी त्यांच्या संगणकावर माझ्या नावाने पत्रांची आणि कॅलेंडरची सोय करून दिली होती. डायरी संगणकाला तारेने जोडलेल्या एका छोट्या बैठकीवर ठेवायची, बटण दाबायचं, दोन मिनिटांत मेहुण्याची पत्रं डायरीत उतरायची. पहिल्या दिवशी सरांनी ते सगळं कसं चालतं हे बराच वेळ समजावलं होतं. मी मान डोलावली होती. अधिकारी माणसाला काही कळलं नाही की तो अशीच मान डोलावतो.

नानांसाठी मी सापळा लावला. एका शनिवारी त्यांना खोलीत बोलावून म्हणालो, "येत्या गुरुवारी पहाटे मोठ्या नाल्यावर जायचं. गाडी तयार ठेवा, पण कारण कोणालाही सांगू नका." नाना "बरं साहेब" म्हणून गेले. मी सवयीने डायरीत नोंद केली, रविवारी जळगावला जाऊन पत्रं उतरवून आलो आणि गुरुवारी पहाटे नाल्यावर गेलो. राख कोमट होती.

त्याच दुपारी नानांना समोर उभं केलं. टोपी आणि पट्टा टेबलावर ठेवायला लावला. आयुष्यभर ज्यांनी इतरांना तसं करायला लावलं, त्यांनी स्वतःच्या पट्ट्याचं बकल सोडलं.

"नाना, भट्टीवाल्याला निरोप कोणामार्फत जातो?"

"साहेब, मना तोंडमाईन एक शब्द निंघेल नई शे."

तीन दुपारी मी तेच तेच विचारलं. कोणाशी बोललात, कुठे चहा प्यायलात, घरी कोण आलं होतं? खोटं बोलणारा माणूस दर वेळी तपशील वाढवतो, खरं बोलणारा तेवढंच सांगतो आणि शेवटी वैतागतो, हे मी नव्या फौजदारांना नेहमी शिकवायचो. नाना वैतागले. मला ते दिसलं, पण मी ते निर्ढावलेपणाच्या खात्यात टाकलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "साहेब, तो गुरुवार दोनच जनसले ठाऊक व्हता ना?"

"हो. तुम्हाला आणि मला."

"मी सांगेल नई शे. मंग मांगे कोन ऱ्हायनं?"

माझं डोकंच फिरलं. हवालदाराने निरीक्षकाला असं विचारावं? मी टेबलावर मूठ आपटली आणि त्याच संध्याकाळी वरिष्ठांकडे अहवाल पाठवला. चार दिवसांत निलंबनाचा आदेश आला; आता बडतर्फीचा अहवाल तेवढा पाठवायचा उरला होता. नाना ठाण्याच्या पायऱ्या उतरत असताना एकही शिपाई जागचा हलला नाही.

पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे जळगावला गेलो, पत्रं उतरवली आणि चष्मा वर्गातच विसरून आलो. सोमवारी मुलीच्या शाळेतल्या कामासाठी थांबलो होतो, म्हणून सकाळी साध्या कपड्यात चष्मा आणायला गेलो. तास चालू होता. सगळे एका संगणकाभोवती दाटीवाटीने बसले होते. सर म्हणत होते, "कॅलेंडरमधली मंगळवारची नोंद वाचा बरं कोणीतरी."

एका मुलीने मोठ्याने वाचलं, "मंगळवार. नानाच्या बडतर्फीचा अहवाल पाठवणे."

मला आधी वाटलं, कानच वाजताहेत. मी टाचा उंचावल्या. पडद्यावर माझा आठवडा होता. माझी कोर्टाची तारीख, माझ्या बंदोबस्ताच्या वेळा, मी रोमन अक्षरांत लिहिलेलं माझंच मराठी.

"सर, बडतर्फी म्हणजे?"

"नोकरीवरून काढून टाकणं," सर म्हणाले. "आता समजा, हे काम एक दिवस पुढे ढकलायचंय. माउसने धरायचं, ओढायचं आणि बुधवारी सोडायचं. बघा, किती सोपं."

नानांची बडतर्फी मंगळवारावरून उचलली गेली आणि बुधवारी जाऊन बसली. मग सरांनी ती परत मंगळवारी ठेवली. पोरं हसली. मी बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसलो.

तास सुटण्याआधी मी दाराच्या फटीतून आतले चेहरे पाहून घेतले. सगळी कॉलेजातली पोरं, त्यांच्यात एकच मिशाळ, चाळिशीचा गृहस्थ मांडीवर वही घेऊन उतरवून घेत होता. तास सुटल्यावर तो जिना उतरून समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरला.

सर एकटे सापडल्यावर मी विचारलं, "माझं कॅलेंडर तुमच्या संगणकावर कसं आलं?"

त्यांना माझा प्रश्नच कळेना. "साहेब, डायरी बैठकीवर ठेवली की दोन्हीकडचं जुळवून घेतलं जातं. इकडची पत्रं तिकडे, तिकडच्या नोंदी इकडे. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. खोट्या उदाहरणांनी पोरांना कळत नाही, म्हणून दर सोमवारी तुमचंच कॅलेंडर दाखवतो. तुमच्याइतकं नीटनेटकं कोणी ठेवत नाही." त्या माणसाच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. मी ओरडणार तरी कोणावर?

सगळं माझ्या डोक्यात भराभर जुळत गेलं. नाना रजेवर होते तो आठवडा! ठाणं सांभाळायला कोणी नाही म्हणून त्या रविवारी मी जळगावला आलोच नव्हतो. छापा यशस्वी झाला होता तो त्यामुळे.

गुपचूप माहिती काढली तेव्हा कळलं, तो मिशाळ गृहस्थ जळगावात मोटारींचे सुटे भाग विकायचा आणि आमच्या भट्टीवाल्याचा सख्खा साडू होता. दुकानासाठी संगणक शिकायला आला आणि पडद्यावर साडूच्या नाल्याचं नाव पाहून त्याचे डोळे विस्फारले. शिकून झालं तरी तो सोमवारी हटकून यायचा. पुढच्या रविवारी मी डायरीत मुद्दाम नोंद केली, 'शुक्रवार पहाट, मोठा नाला', आणि ती स्वतःच्या हाताने बैठकीवर ठेवली. सोमवारी साध्या वेशातल्या आमच्या शिपायाने गृहस्थाला बूथमध्ये शिरताना पाहिलं. बुधवारी मडकीवाल्या खबऱ्याने कळवलं की पिंपं मोठ्या नाल्यावरून टेकडीमागे हलली आहेत. शुक्रवारी पहाटे आम्ही टेकडीमागे होतो. भट्टीवाला पेटत्या चुलीसकट सापडला. तिघांची दृष्टी घालवणाऱ्याला बेड्या घातल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

चौकशीत साडू जराही घाबरला नाही. म्हणाला, "साहेब, आम्ही चोरलं काय? तुम्ही दाखवलं, आम्ही पाहिलं." ते वाक्य माझ्या थोबाडीत बसलं.

वरिष्ठांना मी फोनवर सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "हवालदाराविरुद्ध पुरावा मिळाला नाही, सबब निलंबन मागे घ्यावं, एवढं दोन ओळींत लिहा. त्याची नोकरी वाचेल, तुमचंही नाव येणार नाही." मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू? खरंच वाटलं.

तो मसुदा खिशात घालून मी नानांच्या गावी गेलो. दार अक्कांनी उघडलं, नानांच्या पत्नीने. डोळ्यांवर अजून ऑपरेशननंतरचा हिरवा चष्मा होता. "घरमाच शेतस," त्या म्हणाल्या. "पंधरा दिन व्हयनात, भाईर निंघेल नईत." गावात पोलिसाची टोपी गेली की काय काय बोललं जातं, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

नाना खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली. मी त्यांना संगणकाचं सगळं सांगितलं, हात जोडले, माफी मागितली आणि मसुदा पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला.

"पुरावा नई म्हनीसन मी सुटनू, अशे नका लिखू, साहेब. मी करेलच नई शे, अशे लिखा."

"नाना, तसं लिहायचं तर कोणी केलं तेही लिहावं लागेल."

"मंग लिखा."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी तो मसुदा पुन्हा वाचला. तपासात मी शेकडो लोकांचे जबाब घेतले होते. या प्रकरणात दोनच माणसांना माहिती होती आणि मी त्यांपैकी एकाचाच जबाब घेतला होता. दुसऱ्याकडे पाहण्याचं माझ्या मनातही आलं नाही, कारण तो खुर्चीवर बसला होता. नव्या यंत्राला दोष देऊन मोकळं होणं सोपं होतं, आणि पुढे अनेकांनी मला तसं सुचवलंही. पण यंत्राने जे करतो म्हणून सांगितलं होतं तेच केलं. न कळता मान मी डोलावली होती, आणि नानांनी नेमका प्रश्न विचारला तेव्हा मूठही मीच आपटली होती.

ठाण्यात येऊन मी स्वतःचा जबाब स्वतः लिहिला, सही केली आणि पाठवला. त्याबद्दल माझ्या सेवापुस्तकात काय चढलं आणि बढती किती लांबली, तो भाग इथे महत्त्वाचा नाही. नाना पुन्हा हजर झाले त्या सकाळी, हजेरीच्या वेळी, सगळे शिपाई रांगेत उभे असताना मी तो जबाब काढला. नाना टोपी-पट्ट्यासह पहिल्या रांगेत होते. मी वाचायला लागलो. 'छाप्यांची माहिती माझ्याच निष्काळजीपणामुळे बाहेर गेली' इथवर आलो आणि थांबलो. पुढचं वाक्य होतं, 'हवालदारांवर मी केलेला आरोप खोटा होता.' रांग खाली बघत होती. कोणाला तरी माझी दया आली असावी, मागून कोणी म्हणालं, "राहू द्या ना साहेब, कळलं सगळ्यांना."

नाना सावधान स्थितीतच होते. नजर सरळ समोर.

"वाचा, साहेब," ते म्हणाले. "पुरं वाचा."

मी पूर्ण वाचलं.