नुसतं नको

नर्मदेकाठच्या गढ्याच्या मराठी आळीत विनताचं नाव निघालं की बायका हटकून म्हणत, पोरीनं मागल्या जन्मी सोन्याची फुलं वाहिली असतील. नवरा कचेरीत नाझर. तोंडाला दारूचा वास नाही, जिभेवर शिवी नाही. तेरा वर्षांच्या संसारात त्यानं बायकोवर हात उगारलेला कुणी पाहिला नव्हता. विष्णुपंत खरोखरच तसे होते. बायकोनं नवं लुगडं नेसलं तर त्यांच्या ध्यानात येई, आमटीत मीठ जास्त झालं तर ते मुकाट्यानं पाणी पिऊन उठत.

रविवारची जेवणं आटोपली की विष्णुपंतांची थोरली विधवा बहीण शकुवन्सं दोन्ही मुलांना घेऊन राममंदिरात पोथीला जात. घर रिकामं होई. मग मधल्या खोलीची कडी आतून लागे. ही वेळ कुणी ठरवली होती कुणास ठाऊक. विनताला विचारून तर नव्हतीच. ती भिंतीकडे तोंड करून अंगणातल्या वाळवणाचा विचार करी. पापड उलटायचे राहिले, चिमण्या आल्या असतील.

तिला नवऱ्याचा तिटकारा होता असं नव्हे. हिवाळ्यात सकाळी ते उन्हाला पाठ देऊन थोरल्या श्रीकांतकडून पाढे म्हणवून घेत, मधेच स्वतःच चुकत आणि हसत, तेव्हा तिला आपणहून त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटे. पण तेव्हा रविवारची दुपार नसे, आणि रविवारी दुपारी तिला काय वाटतंय हे कुणी विचारत नसे.

१९३४ च्या आषाढात तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आज नको हं."

विष्णुपंतांचा हात कडीवरच थांबला. "काहून? बरं नाही का?"

"बरं आहे."

"बसायचं आहे का?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'मध्ये राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीदा वाटलं. ते खरोखरच बुचकळ्यात पडले होते. कचेरीत येणाऱ्या प्रत्येक अर्जात कारण लिहिलेलं असे, आणि हा अर्ज तर कोराच होता.

"नुसतं नको," ती म्हणाली.

"चलो, काहीतरीच तुझं," म्हणत विष्णुपंत हसले, आणि त्यांनी कडी लावली.

त्या घरात बायकोचा एकच नकार चालत असे. महिन्याचे ते चार दिवस आले की विनता मागच्या पडवीत बसे. वेगळी घोंगडी, वेगळं ताट, वेगळा पेला. मुलांनी शिवायचं नाही. विष्णुपंत तर पडवीच्या दारावरून जाताना धोतराचा सोगा सावरून घेत. 'नुसतं नको' ज्यांना कळलं नव्हतं त्यांना 'मी बाहेरची आहे' हे वाक्य एका दमात कळे. का, कशाला, काही विचारणं नाही.

पुढच्या रविवारी शकुवन्सं मुलांना घेऊन निघायच्या आत विनता उठली आणि पडवीत जाऊन बसली. "वन्सं, मी बसले हो," एवढंच म्हणाली. तिची वेळ यायला अजून अकरा दिवस होते.

विष्णुपंत ओसरीवर पान लावत बसले. दुपारभर घरात कडीचा आवाज झाला नाही. विनता घोंगडीवर पाय पसरून बसली. आपलं अंग आपल्यापाशी आहे, असं तिला लग्न झाल्यापासून प्रथमच वाटलं.

पण सोंग आणलं की ते चार दिवस पुरं करावं लागतं. तिसऱ्या दिवशी चार वर्षांच्या पुष्पाच्या पायात काच गेली. पोर लंगडत पडवीच्या उंबऱ्याशी आली आणि हात पसरून रडू लागली. शकुवन्संनी तिला ओढून नेलं. विनता गुडघ्यांना मिठी मारून तशीच बसून राहिली. लेकीला उचलण्यापासून तिला दुसऱ्या कुणी नाही, तिच्याच जिभेनं अडवलं होतं.

तरी श्रावणात तिनं पुन्हा तेच केलं, आणि या खेपेला चुकली. रविवारी बसली तेव्हा मंगळवारी सासऱ्यांचं श्राद्ध आहे, हे तिच्या डोक्यातून पार गेलं होतं. श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यात, घरच्या सुनेच्या हातचा. आता उठते म्हणावं तर खोटं उघडं पडणार, न उठावं तर पितरांचं पान अडणार. शकुवन्संचे गुडघे सुजलेले. त्यांनी चुलीपुढं बसून एकटीनं सगळा स्वयंपाक रेटला. खीर खाली लागली. करपल्याचा वास पडवीपर्यंत आला आणि पाठोपाठ शकुवन्संही आल्या.

"काहून वं वहिनी, पंधरवडा नाही झाला तुले उठून, अन् पुन्हा बसून राहिली?"

"होतं कधी कधी."

"अच्छा! होतं? अन् तीन दिवसांत एकबी फडकं वाळत नाही पडलं परसात, हे बी होतं का? मी काय आज जन्मले?"

शकुवन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, मग कण्हत आत गेल्या. संध्याकाळी विष्णुपंत पडवीच्या दाराशी आले. त्या दिवशी त्यांनी धोतर सावरलं नाही.

"खोटं बसलीस?"

"हो."

"देवाधर्माच्या गोष्टीत खोटं? मग कधी खरी बाहेरची असताना न सांगता देवघरात शिरली असशील, तर आम्हाला काय कळणार?"

का बसलीस, हे त्यांनी विचारलं नाही. तिनं वाट पाहिली. दिवेलागण झाली, ते संध्येला बसले.

उपाय शास्त्रातच होता. त्या चार दिवसांत शिवाशिवीचे कळत नकळत घडलेले दोष धुऊन निघावेत म्हणून बायका भाद्रपदात ऋषिपंचमी करतात. विष्णुपंतांनी चिंतामणी गुरुजींना सांगून ठेवलं आणि पंचमीला पहाटेच टांगा सांगून बायकोला आणि बहिणीला घेऊन ते ग्वारीघाटावर गेले. नर्मदा फुगलेली, खालच्या पायऱ्या बुडालेल्या. वरच्या पायऱ्यांवर बायका आघाड्याच्या काड्यांनी दात घासत बसल्या होत्या. फुलवाली दोणे मांडत होती.

विनता कमरेइतक्या पाण्यात उतरली, डोक्यावरून पाणी घेऊन काठाशी आली. गुरुजींनी तिच्या ओंजळीत पाणी घातलं.

"हं, काय चूक झाली ती मनातल्या मनात म्हणा बाई, अन् सोडा पाणी."

"मनातल्या मनात नाही," विष्णुपंत वरच्या पायरीवरून म्हणाले. "मोठ्यानं म्हण. ताईनं सुजले गुडघे घेऊन रांधलं त्या दिवशी. तिला ऐकू येऊ दे."

विनतानं मान वर केली. विष्णुपंतांच्या तोंडाकडे बघत ती सावकाश, स्पष्ट म्हणाली,

"मी बाहेरची नव्हते, तरी बसले. यांना जवळ येऊ नका म्हणायचं होतं. नुसतं नको म्हटलेलं हे ऐकत नव्हते."

आघाड्याच्या काड्या तोंडातल्या तोंडात थांबल्या. शकुवन्सं "अगं बाई, जनाची नाही तर मनाची तरी," म्हणत पदर तोंडाशी नेऊन मटकन बसल्या. चिंतामणी गुरुजींनी डोळे मिटून भराभर मंत्र सुरू केला. फुलवाली तेवढी, बाई खरं बोलते आहे अशा अर्थी, तिच्या बुंदेलीत म्हणाली, "सांची कै रई बाई," आणि दोणा पुढं सरकवला.

विनतानं पाणी सोडलं.

घरी पोचताच विष्णुपंतांनी मधल्या खोलीतली आपली गादी गुंडाळली आणि ओसरीलगतच्या खोलीत नेऊन टाकली.

"आजपासून तुला खोटं बसायची गरज नाही."

विनता एक पाऊल पुढं आली. "म्हणजे... कळलं तुम्हाला?"

"कळलं. माझी अब्रू चार लोकांत नर्मदेत सोडलीस, ते कळलं."

त्या दिवसापासून रविवारच्या दुपारी तिच्या झाल्या. ती लोकर विणी, झोप काढी, पुष्पाच्या केसांतला गुंता सोडवी. तिला हवं होतं ते मिळालं होतं, पण शिक्षा म्हणून मिळालं होतं. विष्णुपंत तिच्या हातचं जेवत, वाढताना तिचा पदर लागू नये म्हणून ताट आपल्याकडे ओढून घेत. महिन्याचे तीसही दिवस ती पडवीतच बसल्यासारखी झाली. आळीतल्या बायका आता म्हणू लागल्या, देवमाणूस पदरात पडला, पण हिला सांभाळता आला नाही.

चौथ्या हिवाळ्यात एकदा ते अंगणात एकटेच ऊन खात बसले होते. श्रीकांत मोठा झाला होता, पाढे संपले होते. विनता संत्रं सोलून घेऊन गेली, शेजारी टेकली. फोडी देता देता तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. आपणहून, तिच्या मनानं.

"नको," विष्णुपंत म्हणाले.

विनतानं तत्क्षणी हात काढून घेतला. बरं नाही का, मग काय झालं, यातलं काही तिनं विचारलं नाही. एक शब्द पुरला. साली गोळा करून ती आत आली आणि चुलीपुढं बसून कितीतरी वेळ आपल्या त्या हाताकडे बघत राहिली.

१९४९ च्या पौषात विष्णुपंतांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण शुद्ध शाबूत होती. शकुवन्सं तोवर वारल्या होत्या, पुष्पा सासरी होती, श्रीकांत नोकरीला परगावी. सगळं करायला विनताच. रोज सकाळी ती कढत पाण्याचं घमेलं आणि पंचा घेऊन खाटेशी येई, आणि हात लावण्याआधी विचारी,

"अंग पुसू का?"

पहिल्या दिवशी ते नुसते बघत राहिले. ती पंचा पिळून हातात धरून उभी राहिली. शेवटी ते म्हणाले, "पूस." तेव्हा पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एके दिवशी ते चिडून "नको" म्हणाले. तिनं घमेलं उचललं, परसात ओतलं, संध्याकाळपर्यंत पुन्हा विषय काढला नाही. संध्याकाळी त्यांनीच हाक मारली.

माघात त्यांचे कचेरीतले जुने सोबती बाबाराव समाचाराला आले. विनता कढत पाण्याचं घमेलं आणि पंचा घेऊन आत आली तेव्हा विष्णुपंत अडखळत त्यांना सांगत होते, "रोज... विचारते. पुसू का, पुसू का. किळस येते हिला... माझी. म्हणून."

"छे हो, वहिनी तशा नाहीत," बाबाराव म्हणाले. मग हसून तिच्याकडे वळले. "काहून वहिनी, नवऱ्याला कुणी असं विचारतं का? करून टाकायचं, झालं!"

विनतानं घमेलं स्टुलावर ठेवलं. पंचा बुडवला, पिळला, घडी केली.

"अंग पुसू का?"

विष्णुपंत बाबारावांकडे बघत राहिले. ती पंचा घेऊन उभी होती. घमेल्यातली वाफ विरळ होत चालली होती.