पाइपातला महादेव

आधीच क्षमा मागतो. देवाविषयी लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि मठात प्रवचनाला बसलो तर त्यातलं निम्मं मला कळत नाही. शिवाय जे घडलं त्याची सुरुवात माझ्याच आळसातून झाली. तरी लिहितो, कारण ही गोष्ट आईलासुद्धा मी बरेच दिवस सांगू शकलो नव्हतो.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. मी नांदेडहून सुट्टीला आलो तेव्हा आमच्या गावची विहीर आटलेली होती. दुखरा गुडघा घेऊन आई दीड कोसावरून पाणी आणायची. शिरूर अनंतपाळच्या अलीकडे नदीच्या डोहात मात्र अजून पाणी होतं. तिथून आमच्यासह पाच गावांना नळयोजना व्हायची होती. टाकी झाली, नळ झाले, पंपही बसला. राहिली होती फक्त विजेची केबल. ती रस्त्याच्या आणि बांधाच्या खालून, जमिनीत पुरलेल्या लांबलचक पाइपातून ओढून पंपघरापर्यंत न्यायची होती. त्या कामावर मी लागलो.

केबल मनगटाहून जाड आणि भलती जड. पंपघराकडं वीस गडी दोर ओढत. अलीकडच्या खड्ड्यात पाइपाच्या तोंडाशी मी. केबलला साबणाचा फेस चोळायचा आणि ती सरळ आत सोडायची, एवढंच माझं काम. मुकादम रशीदमामा बांधावर उभे राहून लाल फडकं हलवत. फडकं खाली आलं की "हैशा" म्हणून वीस जण जोर लावत आणि केबल हातभर पुढं सरके.

आम्ही लिंगायत. जन्मल्यावर स्वामींनी दिलेलं इष्टलिंग वस्त्रात बांधून गळ्यात असतं, आणि रोज ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाणीही प्यायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. दोरा विरलाय, बदलून घे, असं आई शिवरात्रीपासून सांगत होती. परीक्षा आहे म्हणून मी टाळत राहिलो. त्या सकाळी घाईत पूजाही दुपारवर ढकलली होती. खड्ड्यात वाकलो असताना केबल छातीला घासली, दोरा तुटला आणि लिंगाची पुरचुंडी केबलवर पडून माझ्या डोळ्यांदेखत पाइपात गेली. दोन्ही हात केबलखाली होते. मला ओरडायलाही उशीर झाला.

काम थांबलं. रशीदमामा खाली उतरून आले. "काय रं कालेज, बोट चेंगरलं काय?" मी रडतरडतच सांगितलं. ते माझ्या उघड्या छातीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मागं वढायची असंल तर वढू. तुझ्या देवाला मी न्हाई म्हननार न्हाई. पर मागं वढताना वरनं सोलली गेली तर दुसरी केबल पावसाळ्याच्या आत यायची न्हाई, हे ध्यानात घे."

मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. पुढं ओढली तर माझं लिंग त्या वजनाखाली भरडणार. मागं ओढली तर आईची घागर आणखी एक उन्हाळा. शेवटी म्हणालो, "पुढं वढा, मामा." हे मी भक्तीनं म्हणालो असं खोटं लिहिणार नाही. मला फार भीती वाटत होती.

पण आता केबल हलेना. माझ्या थांबण्यापायी उन्हानं साबण वाळून गेला होता. तीनदा जोर लावला, दोर करकरला. आणखी जोर लावणं धोक्याचं होतं. साबणाचं पाणी संपलेलं, डोहावरून आणेपर्यंत आतला उरलासुरला साबणही वाळला असता; मडक्यात गड्यांच्या पिण्यापुरतं, माणशी एक तांब्या. लिंग गळ्यात नाही म्हणून मला माझा तांब्या पिता येत नव्हता. तो मी साबणात ओतला. त्यात काय होणार? चार हात केबल भिजली, बस.

रस्त्यानं एक म्हातारी डोक्यावर घागर घेऊन चालली होती. ना ओळख, ना पाळख. थांबून म्हणाली, "का रं लेकरा, व्हट फुटल्यात, आन् पानी सांडायलास?" मी सगळं सांगितलं. तिनं घागर उतरवली, खड्ड्यात डोकावली. "महादेव आत हाय म्हनतोस, मग समदं आतच वत की. त्योबी तान्हेलाच असंल."

"आजी, यात साबण हाय."

"मग? त्याला काय, अंगाला राख फासलेली चालती."

मडक्याशी पाणी प्यायला आलेले दोघे गडी हसले. मीही हसलो, आणि हसताहसता आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. घागरभर पाणी पाइपात ओतलं. पाइप पंपघराकडं उतरता होता. पाणी गडगडत गेलेलं ऐकू आलं. मामांचं फडकं खाली आलं. केबल सरकली, आणि मग थांबलीच नाही. वर बघतो तर म्हातारी रिकामी घागर घेऊन आली त्याच वाटेनं परत निघाली होती. तिचं गावही विचारायचं राहिलं.

संध्याकाळी मठात गेलो. स्वामी रागावले नाहीत. त्यांनी मठातलं एक लिंग माझ्या हातावर ठेवलं, पूजा करवली आणि स्वतःच्या हातानं पाणी पाजलं. आईला काही न सांगता मी नांदेडला आलो. हॉस्टेलवर रोज वाटायचं, त्या अंधारात त्याचं काय झालं असेल. हळूहळू मात्र एवढं उमगलं की जे मी मुठीत धरून ठेवू शकलो नाही, त्याला धरणारं दुसरं कुणीतरी होतं. त्या आजीचं ऋण मी कुठं फेडू, ते कळत नाही.

महिन्याभरानं आईचं कार्ड आलं, शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरात. केबल जोडायला पंपघराचा खड्डा उघडला, तेव्हा पाइपाच्या तोंडाशी साचलेल्या गाळात लिंग सापडलं होतं. वस्त्र फाटलेलं, लिंग अखंड. रशीदमामा ते धुतल्या रुमालात बांधून स्वतः घरी देऊन गेले. खाली लिहिलं होतं: "दोरा नवा घेतला आहे. काल नळाला पाणी आलं. पहिल्या तांब्यानं मी तुझ्या महादेवाला आंघोळ घातली, मग मी प्याले."