म्हशीचा फोटो आणि वरचा कप्पा

आमच्या कारखान्यातले किस्से मुद्दाम लक्षात ठेवावे लागत नाहीत. पितळेच्या किसासारखे ते कपड्यांना चिकटून घरी येतात! बायको कपडे झटकते, मी किस्से सांगत बसतो.

आम्ही नऊ माणसं दहिवलीत कॅमेरे बनवतो. हो, कॅमेरे! रोलचे, पितळी अंगाचे, फोकस हाताने करायचे. एकाच्या किमतीत बरी सेकंडहँड गाडी येईल. मोठ्या कंपन्या दर वर्षी नवं मॉडेल काढतात, आमचं आपलं एकच. माझ्याकडे पॅकिंग आणि ग्राहकांची पत्रं.

कर्जत स्टेशनवरच्या रिक्षावाल्याला हे मी तीनदा समजावलंय. त्याचा प्रश्न एकच, "सीसीटीव्हीच ना?"

"नाही रे, हा हातात धरून फोटो काढायचा."

"मंग चोर आला का धरनार कोन?"

मी रिक्षात बसलो. म्हटलं, चल दहिवलीला!

*

फोकसची रिंग कशी फिरली पाहिजे, हे आमच्याकडे कमळताई ठरवतात. ठाकुरवाडीच्या. आधी रोजंदारीवर जायच्या, आता त्यांचं बोट म्हणजे कारखान्यातला शेवटचा शब्द. एकदा साहेबांना वाटलं, आपणही मोठ्या कंपन्यांसारखं शास्त्रशुद्ध व्हावं. त्यांनी रिंग तपासायचं मशीन आणलं. मशीनने पास केलेली रिंग कमळताईंनी फिरवली आणि बाजूला ठेवली.

"अडतंय."

मशीन बसवायला आलेला इंजिनिअर हसला. रिंग उघडली, तर आत केसाएवढा पितळेचा तुकडा!

मशीन अजून आहे. त्यावर चहाचा ट्रे बसतो छान.

*

एकदा एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. गोड बोलत होता, पण डोळे सगळीकडे फिरत होते. "तुमचं आर अँड डी कुठे बसतं?"

आता आमच्या शटरची सगळी करामत लेथवरच्या नामदेवची. आणि त्या दिवशी त्याचं स्टूल रिकामं. साहेब शांतपणे म्हणाले, "आर अँड डी आज भिवपुरीला गेलंय, स्वतःच्या शेतात लावणीला!"

त्या माणसाने ते डायरीत लिहून घेतलं. देवाशप्पथ!

*

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याने कॅमेरा जोडला त्याने तो रविवारी घरी न्यायचा, पहिला रोल स्वतः काढायचा. त्यातला एक फोटो कॅमेऱ्यासोबत बॉक्समध्ये जातो. साहेबांची अपेक्षा सूर्यास्त, डोंगर वगैरे. नामदेवने पूर्ण रोलभर म्हैस काढली! छत्तीस फोटो, सगळीकडे रुपाच. आणि मी त्यातलाच एक न बघता जर्मनीतल्या एका डॉक्टरांच्या बॉक्समध्ये टाकला.

साहेब माझ्यावर असे भडकले की दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग पत्र आलं. कॅमेऱ्याबद्दल एकच ओळ, 'उत्तम आहे.' खाली अख्खं पान: तिचं नाव काय, वय काय, दूध किती देते?

नामदेव म्हणाला, "लिवा, गाभन हाय."

लिहिलं. रेडकू झाल्यावर त्यांनी दुसरा कॅमेरा मागवला!

*

आता पारेखशेठचा किस्सा.

आमचे निम्मे कॅमेरे मुंबईत त्यांच्या शोरूममधून जातात, शोकेसच्या वरच्या कप्प्यातून. तो कप्पा एका मोठ्या कंपनीला हवा होता. शेठ म्हणाले, "एकदा येऊन बघतो, मग ठरवतो." कप्पा गेला की आमच्यातली चार-पाच माणसं घरी बसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. कमळताई तर बोलूनच गेल्या, "मी परत रोजावर जायची नाय."

शेठ आले. सोबत शोरूमचा मॅनेजर, त्याच्या गळ्यात त्या कंपनीचा नवा कॅमेरा. माणसाचे डोळे तो आपोआप शोधतो म्हणे. चहा देताना मी शेठना जर्मनीतल्या डॉक्टरांचा आणि म्हशीचा किस्सा सांगून टाकला. शेठनी आमची रिंग उलटसुलट बघितली. "ताई, यात एवढं काय आहे?"

"डोळे मिटा नि फिरवा."

शेठनी खरंच डोळे मिटले. रिंग सावकाश फिरवली. परत फिरवली. कपाळावरची आठी गेली. मॅनेजरने फोटोसाठी कॅमेरा उचलला, तर तो टुंग टुंग करायला लागला. स्क्रीनवर सूचना: डोळे बंद आहेत.

"शेठ, डोळे उघडा!"

तेवढ्यात 'खट्' आवाज झाला. कमळताईंच्या हातात नुकताच जोडलेला कॅमेरा होता. एकच फोटो काढला आणि त्या कामाला लागल्या.

कप्प्याचं काही न ठरवताच शेठ गेले. आम्ही रीतीप्रमाणे तो फोटो त्याच कॅमेऱ्यासोबत शेठच्या शोरूमला धाडला. आठवड्याने फोन आला. साहेबांनी स्पीकर लावला, आम्ही नऊही जण भोवती.

"ताईंना द्या," शेठ म्हणाले. "ताई, माझे डोळे मिटलेले दिसत होते ना? मग फोटो काढलात कशाला?"

कमळताई फोनकडे वाकून म्हणाल्या, "तवाच तर तुमी बघत होता!"

नामदेवने माझा दंड एवढा आवळला की वळ उठला.

मग शेठ म्हणाले, "वरच्या कप्प्यासाठी सहा पाठवा. आणि एका बॉक्समध्ये म्हैस पाहिजे!"