अणदूरच्या बाई आणि सर्व्हरचा पत्ता

आमच्या डेअरीच्या मॅनेजर साहेबांचा मला अजूनही राग येतो, आणि तो ओसरावा असं मला वाटत नाही.

धाराशिवच्या त्या खासगी डेअरीत सर्व्हर सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. सर्व्हर म्हणजे पुण्यात भाड्यानं घेतलेलं मशीन. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध आलं की केंद्रचालक वजन आणि फॅट मोबाईलवर भरायचे, आणि ते त्या मशीनवर जाऊन बसायचं. अणदूरचं केंद्र एक बाई चालवायच्या. पन्नाशीच्या, कानडी आणि मराठी दोन्ही सारख्याच तडाख्यानं बोलणाऱ्या. दुधात पाणी घालणाऱ्याला चारचौघांत नावानिशी हाक मारायच्या. साहेबांना त्या आवडत नसत, कारण मीटिंगमध्येही त्यांचा आवाज तेवढाच असे.

एकदा कुणीतरी आमच्या सर्व्हरचा पासवर्ड फोडायच्या मागं लागलं. चुकीचे पासवर्ड धडाधड येत होते, सगळे एकाच इंटरनेट पत्त्यावरून. कोणत्या पत्त्यावरून काय आलं, त्याच्या सर्व्हरवरच्या नोंदी साहेबांनी मागवल्या. त्याच पत्त्यावरून अणदूरच्या दुधाच्या नोंदीही आलेल्या पहिल्याच पानावर दिसल्या; पुढची पानं त्यांनी उलटलीच नाहीत. साहेब खुर्चीतून उठलेच. "घावला चोर!"

मी म्हणाले, "साहेब, हा पत्ता त्या बाईंचा एकटीचा नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते संपलेत, म्हणून मोबाईल कंपन्या हजारो फोन एकाच पत्त्यामागं ठेवतात. स्टँडच्या एकाच गेटातून सगळं गाव बाहेर पडावं, तसं. गेटावरून माणूस ओळखता येत नाही."

"मग ओळखायचं कसं?"

"नवी पद्धत आहे, आयपीव्ही सिक्स. तीत फोनाफोनाला वेगळा पत्ता मिळतो. आपल्या मशीनलाही तसा पत्ता मिळालाय, फक्त आपण तो चालू केलेला नाही. मी मागंच विचारलं होतं."

"दोन दारं केली की कुलपंही दोन. एक सांभाळता येईना तुम्हाला." एवढं बोलून त्यांनी तो पत्ता कायमचा बंद करायला लावला आणि बाईंना ऑफिसात बोलावलं.

बाई आल्या त्या थेट बसमधून उतरून, कपाळावरचा घाम पदरानं पुसत. साहेबांनी त्यांना बसा म्हटलं नाही. टेम्पोवाले, हिशेबनीस, सगळ्यांसमोर विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून करताय हे?"

"काय केलं म्या?"

"आमचं मशीन फोडताय."

"साहेब, मला त्या मोबाईलात दुधाचा आकडा भराया येतो. म्या कशाला फोडू तुमचं मशीन?" मग माझ्याकडं वळल्या. "तुमी सांगा की. तुमाला कळतंय न्हवं त्यातलं?"

मी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी मोठ्यानं. साहेब म्हणाले, "तुमचं मत विचारलेलं नाही." टेम्पोवाल्यांपैकी एक जण हसला. तो का हसला ते मला कधी कळलं नाही, पण बाईंचा चेहरा त्या हसण्यानं जेवढा उतरला, तेवढा साहेबांच्या बोलण्यानंही उतरला नव्हता. केंद्र काढून घेतल्याचं साहेबांनी तिथंच सांगितलं. बाईंनी केंद्राची किल्ली टेबलावर आपटली आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर फोन सुरू झाले. बेंबळीचं केंद्र बंद, तुळजापूरकडची केंद्रं बंद. डेअरीनं सगळ्यांना एकाच मोबाईल कंपनीची सिमकार्डं दिलेली; कुणाच्याच मोबाईलवरून नोंद जाईना. दुधाचे कॅन उन्हात, आणि दूध घालायला आलेली माणसं केंद्रचालकांवर खेकसत होती. ऑफिसात मात्र सगळं सुरळीत, कारण ऑफिसची लाईन वेगळी, तिचा पत्ता वेगळा. साहेब म्हणाले, "माझ्या फोनवर तर चालतंय."

"ऑफिसचं वायफाय बंद करा आणि मग उघडा."

त्यांनी बंद केलं. नोंदींचं पान उघडेना. मी त्यांच्याच फोनवर त्यांचा पत्ता काढून दाखवला. कालच्या चोराचा होता तोच, आकड्याला आकडा. "साहेब," मी म्हणाले, "आता तुम्हालाही घरी पाठवायचं का?"

ते लाल झाले. वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. बोलले ते असं: "हे आधी नीट समजावून सांगायचं नाही का?"

मी बंदी उठवली आणि नवी पद्धत चालू करायला बसले. ते नुसतं बटण दाबण्याचं काम नव्हतं. नवा पत्ता एवढा लांबलचक, की आमच्या नोंदींच्या रकान्यात तो मावेना, अर्धा तुटून पडायचा. ते दुरुस्त केलं, नव्या दाराला वेगळं कुलूप घातलं. मग नोंदींत प्रत्येक केंद्र आपापल्या पत्त्यानिशी दिसू लागलं. पासवर्ड फोडणारा जुन्याच दारावर धडका देत राहिला आणि थोड्या दिवसांनी थांबला. तो कोण होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी मालकांना सांगितलं, "मी आपलं सगळं काम नव्या तंत्रज्ञानावर नेलंय." अणदूरचं नावही काढलं नाही.

मी एका रविवारी बाईंच्या घरी गेले. त्यांनी दारातच थांबवलं. "केंद्र परत घ्या," मी म्हणाले. "तुमचा काही दोष नव्हता, हे सिद्ध झालंय."

"कुणाफुडं झालं सिद्ध?"

मी पिशवीतून नोंदींचा कागद काढला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"तुमी माज्या बाजूनं बोललात, त्ये म्या इसरले न्हाय. पर चोर म्हणले समद्यांफुडं, आन् न्हाय म्हणाया तुमी एकल्याच आलात. त्येला हितं येऊ द्या. खंडोबाच्या देवळाम्होरं उभं ऱ्हाऊन म्हणू द्या, माजं चुकलं."

साहेबांना मी हे शब्दाला शब्द सांगितलं. ते म्हणाले, "असल्या बायकांचं फार मनावर घ्यायचं नसतं."

ते कधी गेले नाहीत. बाईंनी दुसऱ्या डेअरीचं केंद्र घेतलं आणि गावातले बरेचसे दूध घालणारे तिकडं वळले. आमच्या केंद्रावर साहेबांनी आपल्या मेव्हण्याला बसवलंय. आमचा टेम्पो तिथून जवळजवळ रिकामाच परततो.