आईचा काजवा

मंडळी, आज दुपारी शेवगावहून धाकट्या बहिणीचा, सुमनचा फोन आला. "ताई, माणसाच्या अंगात बारीक यंत्रं सोडल्यात म्हणं. अंधारात चमकत्यात. व्हिडिओत दावलंय. मी न्हाणीचं दार लावून हात बघितला."

मी भडकलेच. "अगं, चमकतो तो काजवा! माणसाच्या अंगात असलं काही नसतं. कशाला घाबरतेस?"

ती म्हणाली, "घाबरले न्हाई गं. आईचा काजवा आठवला."

मलाही तो आठवला.

नव्वदच्या दशकात आमची आई दसरा झाला की ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे जायची आणि आम्ही दोघी मामीकडे राहायचो. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती बांधावरून काजवा आणून आमच्या हातावर चालवायची. "उजेड आत गेला बघा. आता उसाच्या फडातून बी तुमी मला दिसताल."

आई आता नाही.

"मग, दिसलं का काही?" मी विचारलं.

"न्हाई. तू बघ की तुझ्या हातावर."

इथं सावेडीच्या फ्लॅटमध्ये आत्ताच बाथरूमचा दिवा बंद करून उभी राहिले. काहीच दिसलं नाही. मग लक्षात आलं, तो उजेड आम्हाला कधी दिसतच नव्हता. तो आईला दिसायचा.