दोरी आणलीत का?

"दोरी आणलीत का?" गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की काकांचा पहिला प्रश्न हाच.

शहापुरात बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि सगळे त्यांना काकाच म्हणत. पूर्वी ते टीव्ही दुरुस्त करायचे, त्यामुळे मॉनिटरला शेवटपर्यंत पडदाच म्हणत राहिले. नवा पडदा घ्यायचा तर घरून सुतळी आणायची. नेहमीसारखं खुर्चीत बसायचं, डोळ्यापासून टेबलावर पडदा राहील तिथपर्यंत सुतळी धरायची आणि तेवढी कापून आणायची. दोरी नसेल त्याला चहा मिळे, पडदा मिळत नसे. "तुमी इथं उभं राहून बघताय, घरी बसून बघणार. उभ्याचं माप बसलेल्याला कसं चालंल?"

एकदा डोळखांबकडच्या शाळेचे एक मास्तर आले. त्यांनी पिशवीतून काढलेली दोरी दुकानातून निघाली ती थेट समोरच्या भजीवाल्याच्या कढईपाशी जाऊन थांबली. वर्गातल्या शेवटच्या बाकापासून मोजली होती. काका दोरीच्या मागोमाग रस्त्यापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "मास्तर, याला पडदा नाय, भिंत लागंल. भिंतीला चुना मारा नि प्रोजेक्टर घ्या." प्रोजेक्टर ते विकत नसत, हे मास्तरांना दुसऱ्या दुकानाचा पत्ता मिळाल्यावर कळलं.

माझं काम जमिनीच्या मोजणीचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायचं. मुरबाडला घरीच बसून करतो. जुन्या पडद्यावर बांधाच्या रेषा एकमेकींत मिसळायला लागल्या आणि दुपारपर्यंत डोकं धरायला लागलं, तेव्हा मी सुतळी कापली आणि किन्हवलीवरून जाणारी एसटी धरली. मला हवा होता तो भलामोठा, बारीक रेष स्पष्ट दाखवणारा पडदा. काकांनी माझी दोरी टेबलावर ताणून पाहिली.

"घरात आणखी कोण बसतं याच्यापुढं?"

"मुलगी बसते. पण ती नुसती खेळते."

त्यांनी दोरी खाली ठेवली. "नुसती म्हंजे किती तास?"

कॉलेजातून आली की ती कानाला हेडफोन लावून बसायची, एवढंच मला माहीत होतं. गेमच्या एका टीमसाठी तिची निवडचाचणी होती, तेही मला तिच्या आईकडून कळलं होतं. धड अभ्यास नाही, धड खेळ नाही, असं माझं मत होतं आणि ते मी घरात पुरेशा मोठ्या आवाजात मांडलंही होतं. त्यावर महिनाभर बापलेकीत कामापुरतंच बोलणं होतं.

"मंग आज नाय विकत," काका म्हणाले. "माणसं दोन नि दोरी एक. पोरीला घेऊन या."

मी भयंकर चिडलो. एवढ्या लांबून आलेल्या गिऱ्हाइकाला कोणी असं परत पाठवतं का? एसटीत बसून मी काकांना मनातल्या मनात बरंच काही सुनावलं. पण दुकानं दुसरीही होती आणि मी त्यातल्या एकातही गेलो नाही, हेही खरं.

रविवारी मुलीला घेऊन गेलो. निघताना तिला दोरीचं सांगायचं विसरलो, ते पायरी चढताना आठवलं. काकांनी विचारलं, तेव्हा तिने सॅकच्या लहान कप्प्यातून नीट गुंडाळलेली सुतळी काढून पुढे केली. "कधी मोजलीस?" मी विचारलं. "मागच्या महिन्यात. मैत्रिणीकडून ऐकलं होतं यांचं." माझ्या विचारण्याची ती महिनाभर वाट बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

तिची दोरी माझ्यापेक्षा वीतभर आखूड होती. "ही पुढं सरकून बसते," काका म्हणाले. "तुमचा मोठा पडदा हिला एवढ्या जवळून मान फिरवूनच बघावा लागंल. तवर हिचा गेम खलास." तिला कडांनी आत वळलेला पडदा आवडला होता. त्यावर त्यांनी मला माझा नकाशा उघडायला लावला. सरळ बांध मला जरासा पोटात गेल्यासारखा दिसला. "बघ गो, बापाला बांध वाकडा दिसला तर गावात डोकी फुटतील." ती महिन्याभरात पहिल्यांदा माझ्यासमोर हसली.

मग त्यांनी मला खेळायला बसवलं. साध्या पडद्यावर मी पाच वेळा मेलो, चित्र भराभर बदलणाऱ्या वेगवान पडद्यावरही पाच वेळा मेलो. फरक इतकाच, की दुसऱ्यावर मला मारणारा दिसला. मुलगी शेजारी उभी होती. "पप्पा, घरी मला तो दिसतच नाही. दिसतो तोवर मी गेलेली असते. मग टीमवाले म्हणतात, हिचं लक्ष नसतं."

"तुमचं काम थांबलेल्या रेषांचं, हिचं पळत्या," काका मला हळूच म्हणाले. "काम दोघांचंबी हाय."

शेवटी मधल्या मापाचा, सपाट आणि वेगवान पडदा घेतला. माझी डोकेदुखी थांबली. चाचणीत मुलगी निवडली गेली, आणि त्या दिवशी तिच्यामागे स्टूल टाकून मी बसलो होतो. काही कळलं नाही, पण उठलो नाही.

गेल्या दिवाळीनंतर काका गेले. त्यांच्या दुकानात आता चपला मिळतात.

परवा आमच्या पडद्यावर आडवी रेघ आली. मुलीने मोबाईल काढला, म्हणाली ऑनलाइन मागवू. मी आत जाऊन सुतळी आणली आणि म्हटलं, "बस. आधी तुझी." मी टेबलाशी टोक धरलं, तिने डोळ्याशी. मग तिने मला बसवून माझी मोजली. दोन्ही दोऱ्या कापून तिने तळहातावर घेतल्या.

"पप्पा," ती म्हणाली, "आता या दाखवायच्या कोणाला?"